दुकानातलं सोनं आपलं नसतं

म्हैसूरच्या अशोका रोडवर सराफांच्या पेढ्यांची रांग आहे. त्या रस्त्याला फुटणाऱ्या एका बोळात, जिन्याखाली, आठ बाय दहाचं माझं दुकान. एक भट्टी, एक काटा, टंचाचं मशीन आणि भिंतीवर रेवणसिद्धाचा फोटो. मी गलाईवाला. सराफ, सोनार आणि गहाणवटीचे दुकानदार जुनं सोनं आणतात. मी ते वितळवतो, शुद्ध करतो, टंच, म्हणजे सोन्याचा कस, काढतो आणि लगड परत देतो. ग्रॅममागे मजुरी मिळते. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी भागातली माणसं या एका धंद्याच्या जोरावर देशभर पांगली. अनोळखी शहरातल्या सराफ बाजारात ‘गलाई’ अशी पाटी दिसली की मी बेधडक मराठीत बोलायला सुरुवात करतो. सहसा फसत नाही.

मी १९८६ साली आलो, पंधराव्या वर्षी, दहावीत गणितात आपटून. आता बी.कॉम. झालेला पुतण्या विचारतोय, “तात्या, मी पण दुकान टाकू का?” फोनवर उत्तर देता येईना, म्हणून वहीत लिहायला बसलो.

१. दुकानातलं सोनं आपलं नसतं

पहिले सहा महिने अण्णांनी, म्हणजे माझ्या चुलत्यांनी, मला भट्टीजवळ येऊ दिलं नाही. हातात झाडू दिला. सकाळ-संध्याकाळ दुकान झाडायचं, पण कचरा बाहेर टाकायचा नाही. फुटलेली मूस, चिमटा पुसलेलं फडकं, हात धुतलेल्या पाण्याचा गाळ, सगळं एका पत्र्याच्या डब्यात साठवायचं. वर्षातून एकदा झारेकरी यायचा. तो कचरा जाळून, कुटून, धुऊन त्यातून सोनं काढायचा. पहिल्या वर्षी हरभऱ्याएवढा मणी निघाला तेव्हा मी हरखलो. अण्णा म्हणाले, “हे गिऱ्हाइकांचंच हाय. कुणाचं किती ते कळत न्हाय, म्हणून आपल्याकडं राहिलं.”

सोनाराला इथे आचारी म्हणतात. पहिल्या आठवड्यात अण्णांनी सांगितलं, आचारी येतील, त्यांना बसव. मी समजलो जेवण करणारा कुणी येणार. आले ते कानात कुड्या घातलेले म्हातारबुवा, आणि कमरेच्या पुरचुंडीतून त्यांनी पावणेदोनशे ग्रॅमच्या बांगड्या काढून काट्यावर ठेवल्या. पावती मागितली नाही. अण्णांनी दिलीही नाही. “कॉफी घेऊन येतो,” म्हणून बुवा निघून गेले.

बांगड्या मुशीत टाकल्या, वर टाकणखार टाकला. आधी नक्षी जाते, मग कडा, आणि मग एकदम सगळं मिळून एक थरथरता थेंब होतो. शुद्ध सोन्यात हे १,०६४ अंशांना घडतं, पण अण्णांना आकडा ठाऊक नव्हता. ते रंगावरून ओळखायचे. शुद्ध करायचं तर त्यात तिप्पट चांदी मिसळून पातळ पत्रा काढायचा आणि तेजाबात उकळायचा. चांदी-तांबं विरघळतं आणि तळाशी तपकिरी भुकटी उरते. नवख्याला तो कॉफीचा चोथा वाटेल. ती पुन्हा वितळवली की सोनं डोळे उघडतं.

या सगळ्या वेळात बुवा कॉफी पीत होते. लहान धंद्याबद्दलच्या भाषणांत भांडवल, तंत्रज्ञान, बाजारपेठ असे शब्द येतात. त्या कॉफीला काय म्हणायचं, ते कुणी सांगत नाही.

२. पत बँकेच्या फॉर्मवर मावत नाही

मुद्रा योजना २०१५ साली आली. १० लाखांपर्यंत विनातारण कर्ज, असं ऐकून मी टंचाच्या मशीनसाठी फॉर्म भरला. एका बँकेचे साहेब दुकान बघायला आले. चांगले होते बिचारे. त्यांनी विचारलं, “स्टॉक किती?” म्हटलं, आज तिजोरीत चारशे ग्रॅम आहे. साहेबांनी लिहायला पेन उचललं. म्हटलं, पण त्यातलं माझं बारा ग्रॅम. पेन तिथेच थांबलं. भट्टी, काटा आणि बसायचा पाट एवढीच माझी मालमत्ता. परक्या माणसाचं चारशे ग्रॅम सोनं माझ्या तिजोरीत बिनधास्त झोपतं, ही गोष्ट लिहायला त्या फॉर्मवर रकानाच नव्हता.

मग मशीन कसं आलं? बारा गलाईवाल्यांची भिशी, मेव्हण्याचे दीड लाख आणि एका आचाऱ्याचं ५० ग्रॅम सोनं. “वापर, सवड झाली की दे,” एवढाच करार. चौदा महिन्यांनी परत केलं. त्यांनी वजनही केलं नाही. मी मात्र त्यांच्यासमोर केलं.

याची दुसरी बाजूही आहे. आमच्या खात्यातून मोठ्या रकमा जातात. १०० ग्रॅम सोनं विकत घेऊन विकलं, तर आजच्या भावानं दहा लाखांवर रुपये खात्यात येतात आणि बाहेर जातात. माझ्या खिशात उरतात ते हजारांत. संगणकाला मात्र दहा लाखच दिसतात. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्यानं यूपीआयचे आकडे पाहून छोट्या दुकानदारांना नोटिसा पाठवल्या. मालाच्या विक्रीला ४० लाखांची आणि सेवेला २० लाखांची नोंदणीमर्यादा आहे, हे पुष्कळांना त्या दिवशी कळलं. दूध-भाजी विकणाऱ्यांचीही त्यात नावं होती. ‘यूपीआय नाही, रोखच’ असे कागद गाड्यांवर लागले, आणि पुढे सरकारला खुलासे करावे लागले. कर भरायला माझी ना नाही. २०१७ पासून जीएसटी भरतोय, हिशेबनीसाला वेगळे पैसे देतोय. पण उलाढाल म्हणजे कमाई नव्हे, हे सांगायला प्रत्येक वेळी मलाच का जावं लागतं?

३. मजुरी त्याच दिवशी घे

२००६ च्या कायद्यानं छोट्या उद्योजकाचे पैसे ४५ दिवसांत द्यायला हवेत. उशीर झाला तर व्याज, आणि तक्रारीसाठी परिषद आहे. पण ज्याच्या कामावर चूल पेटते त्याच्याविरुद्ध तक्रार करायची, तर त्यानंतर चूल कशावर पेटवायची? मोठ्या पेढीवर गेलं की उत्तर ठरलेलं: ‘नाळे बन्नी’, उद्या या. नव्वदच्या दशकात इथे भुताला परतवायला लोक दारावर ‘नाळे बा’ लिहायचे म्हणे. भूत रोज वाचायचं आणि परत जायचं. वसुलीला गेलो की मला हटकून त्या भुताची आठवण येते.

४. शहराची तब्येत मुशीत कळते

म्हैसूर म्हणजे राजवाडा, दसरा आणि रेशीम, असं पर्यटकाला वाटतं. दिवाण विश्वेश्वरय्यांच्या काळापासून इथे कारखानदारीचीही हवा आहे. मतदाराच्या बोटाला लागणारी शाई इथल्याच १९३७ सालच्या कारखान्यातली. जावा मोटारसायकलीही इथेच बनायच्या. तो कारखाना १९९६ ला बंद झाला. मोठं काही उघडलं की बातमी येते आणि बंद पडलं तरी येते. मला मात्र बातमीच्या आधी बऱ्याच गोष्टी कळतात.

बरे दिवस असले की सोनं मोडीला येतं ते बदलून घ्यायला. जुना हार जड वाटतो, नवी फॅशन हवी असते. वाईट दिवसांत येतं ते वेगळं असतं. आधी बांगड्या येतात, मग कानातलं, मग बाळाच्या वाळ्या-अंगठ्या आणि सगळ्यात शेवटी मंगळसूत्र, काळे मणी तसेच. २०२० च्या टाळेबंदीनंतर दुकानं उघडली तेव्हा गहाणवटीच्या दुकानांतून जे पुडे आले, त्यात अर्ध्या ग्रॅमची बारशाची अंगठी होती, आत नाव कोरलेली. अर्ध्या ग्रॅमला भट्टी लावणं परवडत नाही. बाकीच्या सोन्यातच टाकायची असते. टाकली.

देशाला लागणारं जवळपास सगळं नवं सोनं बाहेरून येतं, वर्षाला शेकडो टन. घराघरातलं जुनं सोनं फिरतं राहिलं तर तेवढी आयात वाचते. ते फिरवतो कोण? जिन्याखालची दुकानं. हे मी अभिमानानं सांगतो, पण ती अंगठी आठवली की आवाज जरा खाली येतो.

५. १० मिलीग्रॅम

मी आलो तेव्हा तोळाभर सोनं एकवीसशेच्या आसपास होतं. काट्यात १० मिलीग्रॅमची चूक झाली तर दोन रुपये जायचे. एप्रिल २०२५ मध्ये १० ग्रॅमनं लाख ओलांडला. तीच चूक आता शंभरावर गेली. मजुरी मात्र पन्नास पटींनी वाढली नाही.

भाव दिल्लीतूनही हलतो. २०२२ मध्ये आयातशुल्क १५ टक्क्यांवर गेलं, आणि २३ जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात एका फटक्यात ६ टक्के झालं. त्या दुपारी माझ्याकडे स्वतः घेतलेलं ९० ग्रॅम होतं. भाषण संपेपर्यंत तीसेक हजार गेले. निर्णय चुकीचा नव्हता, तस्करी कमी करायची तर शुल्क उतरायलाच हवं होतं. फक्त मी त्या दिवशी सोनं घेऊन बसलो होतो. तेव्हापासून रात्री घरचं सोनं शून्य ठेवतो.

६. अनोळखी माणसाचं घ्यायचं नाही

हे लिहिताना अजून हात थरथरतो. २००९ साली, रात्री, दुसऱ्या जिल्ह्यातून पोलिसांची जीप आली. आत एक चोर. त्यानं माझ्या दुकानाकडे बोट दाखवलं. त्याला मी जन्मात पाहिलं नव्हतं. पण तेव्हाच्या भारतीय दंड संहितेचं कलम ४११, चोरीचा माल घेणं, हे शब्द उच्चारले की परमुलखातल्या माणसाचे पाय लटपटायचे. ‘रिकव्हरी’ म्हणून ४० ग्रॅम मागितले. पहाटे २५ वर मिटलं. वितळलेल्या सोन्याला ओळख नसते, त्यामुळे ते माझं नव्हे हे त्यांना सिद्ध करावं लागलं नाही आणि माझंच आहे हे मला सिद्ध करता आलं नाही. गलाईवाला कुठल्याही राज्यातला असो, असा एक किस्सा त्याच्याकडे असतोच.

त्यानंतर कॅमेरा लावला, ओळखपत्राची नक्कल घ्यायला लागलो, ओळखीच्या सोनारांपलीकडे खरेदी बंद केली. याची किंमत कुणी मोजली? एकदा एक बाई पदराखालून बिलवर काढून उभी राहिली. नवरा दवाखान्यात होता. मी हात जोडले. ती बहुधा खरंच सांगत होती.

७. शिक्का आला ते बरं झालं

हे वाचून आमचे लोक माझ्यावर रागावतील. सहा अंक-अक्षरांच्या एचयूआयडी शिक्क्याशिवाय सोन्याचे दागिने विकायला १ एप्रिल २०२३ पासून बंदी आली, तेव्हा आम्ही पुष्कळ बोटं मोडली. कसोटीच्या दगडावर रेघ ओढून टंच सांगणाऱ्या आचाऱ्यांचं कसब मोडीत निघालं, हे खरंच आहे. पण बावीस कॅरेट म्हणून अठरा खपवलेलं सोनं मी इतकी वर्षं वितळवलंय, आणि लगडीचं टंच ऐकताना बायकांचे पडलेले चेहरे पाहिलेत. मशीन मात्र वरवरचं वाचतं. म्हणून आधी वितळव, मग तपास.

८. धूर

तेजाबात सोनं उकळताना लालसर तपकिरी धूर निघतो. अण्णा खोकत गेले. आम्ही त्याला ‘म्हैसूरची थंडी’ म्हणायचो. म्हैसूरला कसली आलीय थंडी! शिवाय विरघळलेली चांदी तांब्याच्या पट्ट्या टाकून काढली की उरणारं निळं पाणी मी पंधरा वर्षं गटारात सोडलं. कुणी अडवलं नाही, म्हणून चुकीचं वाटलं नाही. आता तेजाबाचं काम औद्योगिक वसाहतीतल्या एकाकडे देतो. त्याच्याकडे धूर धुणारी यंत्रणा आहे, आणि पाण्यात चुना घालून तो तांबं बसवतो. ग्रॅममागे माझं कमी उरतं. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

९. पोरं

गलाईचं दुकान ही शाळाच असते. गावाकडून पोरगं यायचं, दोन-तीन वर्षं शिकायचं, मग मालकच त्याला दुसऱ्या गावी दुकान टाकून द्यायचा. १९७२ च्या दुष्काळानं होरपळलेल्या आमच्या तालुक्यात सिमेंटची घरं उभी राहिली ती या रोपांवर. टेंभू योजनेचं पाणी शिवारात आलं तेव्हा माणसं केव्हाच निघून गेली होती. मी स्वतः सहा पोरांना दुकानं टाकून दिली. आज पंधरा वर्षांच्या मुलाला तेजाबाजवळ उभं केलं तर गुन्हा होतो, आणि तो व्हायलाच हवा. आता शिकलेली पोरं पुण्याला जातात. गेली चार वर्षं माझ्याकडे कुणी शिकायला नाही.

तर हे सगळं वहीत लिहून पुतण्याला पाठवलं. आठ दिवसांनी तो बॅग घेऊन दारात. कन्नड येतं का विचारलं, तर म्हणाला ॲपवर शिकतोय. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याच्या हातात झाडू दिला.

“तात्या, आता छोटे व्हॅक्यूम क्लीनर मिळतात. दोन मिनिटांत होईल.”

“मिळतात की. त्यातली धूळ कुठं टाकशील?”

त्यानं कोपऱ्यातल्या पत्र्याच्या डब्याकडे पाहिलं आणि झाडायला लागला.