बालवाडीतील मुलाचे निरीक्षण

बालवाडीत येणारे मूल साधारणतः तीन ते सहा वर्षांचे असते. आपली अडचण शब्दांत मांडणे या वयात त्याला साधतेच असे नाही. ती त्याच्या हालचालींतून, खेळातून आणि कित्येकदा मौनातून व्यक्त होत असते. म्हणून शिकविण्यापूर्वी पाहावयास शिकणे, हे शिक्षिकेचे पहिले काम होय. मारिया माँटेसोरी यांनी १९०७ साली रोममधील एका गरीब वस्तीत जे बालगृह सुरू केले, त्याचा पाया निरीक्षण हाच होता. भारतात गिजुभाई बधेका यांनी १९२० साली भावनगर येथे स्थापन केलेल्या बालमंदिरात हीच दृष्टी रुजली. पुढे ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी ती बोर्डी आणि कोसबाड येथील ग्रामीण व आदिवासी मुलांपर्यंत नेली.

निरीक्षण आणि अभिप्राय यांतील भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे. ‘मुलगा हट्टी आहे’ हा अभिप्राय झाला. ‘बाईंनी मागून दोनदा हाक मारली, तो वळला नाही, समोर जाऊन खूण करताच उठला’ ही नोंद झाली. पहिल्या वाक्यातून शिक्षेखेरीज काही निष्पन्न होत नाही. दुसऱ्यातून मात्र त्याला नीट ऐकू येते किंवा नाही, अशी शंका उद्भवते आणि कानांची तपासणी करून घेण्याची बुद्धी होते. ऐकण्यातील दोष वेळीच लक्षात आला नाही, तर भाषेची वाढ खुंटते आणि चांगल्या बुद्धीचे मूल मंद म्हणून गणले जाते.

नोंद दीर्घ असण्याची आवश्यकता नाही. मिल्ड्रेड पार्टेन यांनी अमेरिकेतील मिनेसोटा येथील बालशाळेत केलेला अभ्यास १९३२ साली प्रसिद्ध झाला. मुक्त खेळाच्या वेळी एकेका मुलाकडे एकेक मिनिट पाहावयाचे आणि निरनिराळ्या दिवशी असे पुनःपुन्हा करावयाचे, ही त्यांची पद्धत होती. इतरांच्या शेजारी बसून त्यांच्यासारख्याच ठोकळ्यांनी, पण आपल्यापुरते खेळणारे मूल एकलकोंडे नसते. एकत्र खेळण्याच्या वाटेवरील तो एक टप्पा आहे, हे अशा निरीक्षणामुळे स्पष्ट झाले. पटावर चोवीस मुले असली आणि रोज तीन मुलांची नोंद केली, तर आठ दिवसांत सर्वांची एक फेरी पूर्ण होते. दिनांक, वेळ, जागा, मुलाची कृती आणि त्याचे नेमके शब्द एवढे लिहिले म्हणजे पुरे.

साधारणतः तीन वर्षांचे मूल पाहून वर्तुळ काढते, चार वर्षांचे फुली काढते आणि पाचव्या वर्षाच्या सुमारास त्याला त्रिकोण साधू लागतो. तथापि हे टप्पे परीक्षेचे मापदंड नव्हेत. एखादे मूल चित्रात मागे, तर बोलण्यात पुढे असू शकते. म्हणून त्याची तुलना शेजारच्या मुलाशी न करता, त्याच्याच तीन महिन्यांपूर्वीच्या नोंदीशी करावी. मात्र पूर्वी येत असलेले बोलणे वा चालणे नाहीसे होऊ लागले, तर वाट न पाहता डॉक्टरांचा सल्ला घेतला पाहिजे.

नोंदवहीत पाहिलेले आईच्या कानावर घालणे तितकेच महत्त्वाचे आहे. बालवाडीत अबोल असणारे मूल घरी आपल्या बोलीत अखंड बोलत असेल, तर उणीव त्याच्या वाणीत नसून बालवाडीच्या भाषेत आहे, हे आईकडूनच कळते.