आकाशातील भोवरे

मुलांनो, तुम्ही भोवरा फिरविला आहे ना? दोरी सुटताच तो गरगर फिरतो, हळूहळू मंदावतो आणि शेवटी कलंडतो. असा मंदावलेला भोवरा पुन्हा पूर्वीहून अधिक वेगाने फिरू लागला तर? आकाशात असे भोवरे आहेत.

एखाद्या प्रचंड ताऱ्याचा स्फोट होऊन अंत झाला, म्हणजे कधीकधी त्याचा गाभा मागे उरतो. तो जेमतेम २०-२५ किलोमीटर व्यासाचा असतो. परंतु त्यात सूर्याहूनही अधिक द्रव्य ठासून भरलेले असते. हाच न्यूट्रॉन तारा होय. दीपगृहाच्या फिरत्या झोताप्रमाणे त्याच्या रेडिओ लहरींचा झोत प्रत्येक फेरीस पृथ्वीवर आला, तर आपण त्यास पल्सार म्हणतो. पहिला पल्सार १९६७ साली केंब्रिज येथे जोसेलिन बेल या विद्यार्थिनीस आढळला.

काळ लोटला की पल्सारही मंदावतो. मग १९८७ साली ‘एम २८’ या तारकागुच्छात सेकंदास तीनशेंहून अधिक फेऱ्या घेणारा पल्सार सापडला, तो कसा? गोलाकार तारकागुच्छ म्हणजे लाखो वृद्ध ताऱ्यांची दाट वस्ती. तेथे न्यूट्रॉन ताऱ्यास सोबती सहज मिळतो. सोबत्याचे द्रव्य त्याच्यावर भोवंडत पडते आणि त्याची गती वाढत जाते. ‘टर्झान ५’ गुच्छातील एक पल्सार तर सेकंदास ७१६ फेऱ्या घेतो!

पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली ती उभी राहिली. २००४ साली या दुर्बिणीतून ‘एनजीसी १८५१’ या गुच्छात एका पल्सारचा शोध लागला. त्याचे ठोके कधी जवळजवळ, तर कधी दूरदूर येत. त्यावरून तो एका सोबत्याभोवती सुमारे १९ दिवसांत फिरतो, हे कळले. परंतु द्रव्य देणाऱ्या सोबत्याबरोबरची कक्षा वाटोळी होत जाते. ही तर फारच लांबट निघाली! तेव्हा शास्त्रज्ञांनी अनुमान केले, की गती देणारा सोबती त्या गर्दीत दुरावला आणि त्याची जागा दुसऱ्याने घेतली. देणारा गेला, त्याने दिलेली गती मात्र अजून टिकून आहे.

स्वाध्याय
१. पल्सारला दीपगृहाची उपमा का दिली आहे?
२. मंदावलेल्या ताऱ्याची गती पुन्हा कशी वाढते?
३. सोबती बदलला, हे शास्त्रज्ञांनी कशावरून ताडले?