गाडीचं वय की गाडीचं धावणं?

आमची जुनी पेट्रोल गाडी लिटरला १२ किलोमीटर जाते, नवी १८ जाईल. पर्यावरणासाठी नवी घ्या, असा मी बाबांकडे हट्ट धरला. मग हिशोब मांडला. वर्षाला आमचं फिरणं ३,००० किलोमीटर. म्हणजे वाचेल ८३ लिटर. लिटरमागे सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर बचत १९० किलो. पण नवी गाडी घडवतानाच पाच टन निघतो असं धरलं, तर तो फिटायला २६ वर्षं! वर्षाला ३०,००० किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीचा मात्र तीन वर्षांच्या आत फिटतो. विषारी धुराच्या बाबतीत २०२० पासूनची बीएस-६ गाडी सरसच. पण जुनी विकली, तर ती दुसऱ्या गावात धूर सोडणारच. मी हट्ट सोडला.