सवारीची दुआ आणि खाडीतील उम्मती

दिव्य कुरआनात नौकेचा उल्लेख वारंवार येतो. सूरह बकराच्या १६४व्या आयतीत आकाश व पृथ्वीची निर्मिती, रात्र आणि दिवसाचे येणे-जाणे यांच्या जोडीने, लोकांच्या उपयोगाच्या वस्तू घेऊन समुद्रात चालणारी नौका ही अल्लाहची निशाणी म्हणून सांगितली आहे. त्याच आयतीत पृथ्वीवर पसरवलेल्या सर्व प्रकारच्या जिवांचाही उल्लेख आहे. विचार करणाऱ्यांसाठी नौका आणि जीवसृष्टी या दोन्ही निशाण्या शेजारी-शेजारी ठेवल्या आहेत.

कोकणातील मुस्लिम समाजाला नौकेची महती सांगावी लागत नाही. दाभोळ, बाणकोट, राजापुरी या खाड्यांच्या काठी आपल्या कितीतरी पिढ्या तांडेल आणि खलाशी म्हणून जगल्या. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरील दालदी बांधवांची रोजी आजही पाण्यातूनच येते. आता होडी सहलीचेही साधन झाली आहे. ईदनंतरच्या सुट्टीत अनेक कुटुंबे ठाणे खाडीत रोहित पक्षी पाहण्यासाठी, वाशिष्ठीच्या खाडीत मगरी पाहण्यासाठी किंवा मुंबईहून मांडव्याला लाँचने जातात. असा आनंद घेणे वैध आहे. मात्र त्या आनंदाची किंमत पाण्यात राहणाऱ्या मुक्या जिवांनी मोजावी काय, हा प्रश्न प्रत्येक ईमानवंताने स्वतःला विचारला पाहिजे.

सवारीची दुआ काय शिकवते?

होडीत पाय ठेवताना आपण मुलांकडून सवारीची दुआ म्हणवून घेतो. तिचा आधार सूरह जुखरुफच्या १३व्या व १४व्या आयतींत आहे आणि त्याआधीच्या आयतीत नौका व जनावरे या दोन्ही सवाऱ्यांचा उल्लेख आहे. या दुआत तीन गोष्टी आहेत. पहिली, ज्याने ही सवारी आपल्या ताब्यात दिली तो अल्लाह पवित्र आहे. दुसरी, तिला वश करण्याचे सामर्थ्य आपल्यात नव्हते. तिसरी, आपल्याला आपल्या पालनकर्त्याकडेच परतायचे आहे.

ही तिसरी गोष्ट आपण फार घाईने म्हणून टाकतो. परतायचे आहे याचा अर्थ हिशेब द्यायचा आहे. सवारी ही अमानत आहे आणि ती कशी वापरली याची विचारणा होणार आहे. जिभेवर ही दुआ असताना ज्याची होडी पक्ष्यांच्या थव्यात वेगाने घुसते, त्याने दुआचे शब्द उच्चारले. तिचा अर्थ मात्र धक्क्यावरच राहिला.

त्याही तुमच्यासारख्या उम्मती

सूरह अनआमच्या ३८व्या आयतीत अल्लाहने पृथ्वीवर चालणाऱ्या प्राण्यांना आणि पंखांनी उडणाऱ्या पक्ष्यांना तुमच्यासारख्याच उम्मती म्हटले आहे. सूरह हूदच्या ४०व्या आयतीत ह. नूह (अ.) यांना ईमानवंतांसह प्रत्येक प्रकारच्या जिवांची जोडी नौकेत घेण्याची आज्ञा होते. ज्या नौकेने मानवाला तारले, तिच्यात जनावरांसाठीही जागा होती.

अबू दाऊदमध्ये ह. अब्दुल्लाह बिन मसऊद (र.) यांच्याकडून आलेली एक हदीस आहे. प्रवासात काही साथीदारांनी एका लहान पक्षिणीची दोन पिल्ले उचलली. ती व्याकूळ होऊन फडफडू लागली. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी हे पाहिले, हिला हिच्या पिल्लांवरून कोणी दुःख दिले असे विचारले आणि पिल्ले परत करण्यास सांगितले. येथे पिल्ले मेलेली नव्हती. आईची घालमेल एवढेच कारण पुरेसे ठरले.

खाडीत नेमके काय घडते?

ठाणे खाडीचा काही भाग २०१५ साली रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ साली खाडीला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. हिवाळ्याच्या सुमारास येणारे रोहित उन्हाळ्यापर्यंत येथे असतात. ओहोटीला चिखल उघडा पडला की ते मान खाली घालून, चोच उलटी धरून शेवाळ आणि सूक्ष्म जीव गाळून खातात. भरती आली की ही पंगत उठते. म्हणजे त्यांची जेवणाची वेळ भरती-ओहोटीने बांधलेली आहे. थवा उडतानाचे छायाचित्र मिळावे म्हणून कोणी होडी त्यांच्यावर घातली, तर त्यांचा घास जातो आणि लांबच्या प्रवासासाठी साठवायची शक्ती उडण्यात खर्च होते.

काठावरील तिवर आणि चिप्पीची कांदळवने ही मासे, कोळंबी व खेकड्यांच्या पिल्लांची पाळणाघरे आहेत. चिखलातून वर आलेली तिवरांची मुळे झाडाला श्वास देतात. होडीच्या घासण्याने ती मोडतात. वेगवान होडीमागे उठणाऱ्या लाटा मातीचा काठ खातात, आणि त्याच काठात खंड्या बीळ करून अंडी घालतो. वाशिष्ठीच्या काठी मगर ऊन खात पडलेली असते, कारण तिच्या शरीराला उष्णता बाहेरून घ्यावी लागते. आरडाओरडा करून तिला पाण्यात पळवणे म्हणजे तिची गरज हिरावून घेणे. इंजिनातून सांडलेले तेल पाण्यावर पातळ थर होऊन पसरते आणि पक्ष्यांच्या पिसांना लागले की ती पाणी अडवू शकत नाहीत.

मासेमारी हलाल, मग एवढी काळजी कशाला?

असे विचारणारे बंधू भेटतात. सूरह माइदाच्या ९६व्या आयतीने समुद्रातील शिकार व तिचे अन्न हलाल केले आहे, यात शंका नाही. परंतु अन्नासाठी शिकार वेगळी आणि मौजेसाठी छळ वेगळा. बुखारी व मुस्लिममध्ये ह. अब्दुल्लाह बिन उमर (र.) यांच्याकडून आलेल्या हदीसनुसार एका स्त्रीला मांजरीला कोंडून उपाशी मारल्याबद्दल शिक्षा झाली. जिवंत प्राण्याला नेमबाजीचे लक्ष्य बनवण्यासही प्रेषितांनी (स.) मनाई केली. गरजेने परवानगी मिळते; करमणुकीने मिळत नाही.

जबाबदारी कोणाची?

प्रवासी म्हणतात, होडी तांडेल चालवतो. तांडेल म्हणतो, गिऱ्हाइकानेच जवळ न्यायला सांगितले. नेले नाही तर पुढच्या वेळी तो दुसऱ्याची होडी घेईल. येथे बुखारीतील ह. नुअमान बिन बशीर (र.) यांची हदीस आठवावी. एका जहाजात काही लोक वर आणि काही खाली होते. पाण्यासाठी सारखे वर जावे लागते म्हणून खालच्यांनी आपल्या भागात भोक पाडायचे ठरवले. वरच्यांनी त्यांना अडवले नाही तर सगळे बुडतील, आणि हात धरला तर सगळे वाचतील. म्हणून ज्याला चूक दिसते त्याने गप्प राहू नये. वीसजणांच्या होडीत एक आई जरी म्हणाली, "भाईजान, इथूनच दिसतात, पुढे नको," तरी तांडेलला आधार मिळतो आणि त्याची रोजीही बुडत नाही.

कुटुंबाने पाळावयाच्या गोष्टी

१. भाडे ठरवतानाच सांगावे की होडी संथ चालवावी आणि थव्यापासून दूर ठेवावी. पक्षी खाणे सोडून मान वर करू लागले की तेथेच थांबावे.

२. कांदळवनात होडी घुसवू नये आणि फांद्यांना दोर बांधू नये.

३. मांडव्याच्या वाटेवर लाँचमागे येणाऱ्या कुरव पक्ष्यांना वेफर्स व फरसाण टाकू नये. ही दया वाटते, पण तळलेले खारट पदार्थ त्यांचे अन्न नाही.

४. पिशव्या, बाटल्या आणि नायलॉनचे दोरे परत आणावेत. पाणवठ्यावर घाण करणाऱ्याला अबू दाऊदमधील हदीस शापाचा धनी ठरवते.

५. स्पीकर, शिट्ट्या आणि दगड मारणे टाळावे. मुलांना पक्ष्यांची नावे विचारावीत. शांतता आपोआप येते.

६. तांडेल बंधूंनी होडीच्या तळातील तेलकट पाणी खाडीत उपसू नये.

हे सर्व कठीण नाही. ज्या अल्लाहने तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला क्षमा केली, तो एका थव्याला सुखाने जेवू देणाऱ्याचे कर्मही वाया घालवणार नाही.

हे अल्लाह, आम्हाला तुझ्या निशाण्या पाहणारी दृष्टी दे, आमच्या हातून तुझ्या कोणत्याही जिवाला विनाकारण त्रास होऊ देऊ नकोस आणि तुझ्याकडे परतण्याच्या दिवशी आमचा हिशेब सोपा कर. आमीन.