परसातील तण

नंदुरबार जिल्ह्यात तापीकाठची काळी जमीन आहे, तशीच सातपुड्याच्या उतारावरची मुरमाड जमीनही आहे. मृगाचा पाऊस पडला, की दोन्ही जमिनी थोड्याच दिवसांत हिरव्या होतात. परंतु ही सारी हिरवळ पिकाची नसते. परसात लावलेले मिरचीचे रोप वीतभर होण्यापूर्वीच तण त्याच्या डोक्यावर जाते आणि त्याच्या वाट्याचे पाणी, अन्न व ऊन घेऊन बसते. लावणीनंतरच्या पहिल्या दीड महिन्यात रोपाची अशी कोंडी झाली, तर पुढे कितीही खत घातले तरी झाड खुरटेच राहते.

तण काढावयाचे, तर आधी त्याचा स्वभाव ओळखावा लागतो. काही तणे केवळ बियांवर वाढतात. काटेमाठ व गाजरगवत ही त्यांतली होत. ती फुलण्यापूर्वी मुळासकट उपटली, की त्यांचा वंश तेथेच खुंटतो. लव्हाळा व हराळी यांची गोष्ट निराळी. लव्हाळ्याची पाती कापली तरी जमिनीतील गाठी जिवंत राहतात व पुन्हा फुटतात. म्हणून चैत्र-वैशाखात जमीन खोल खणून गाठी व मुळ्या वेचाव्यात. राहिलेल्या कडक उन्हात वाळू द्याव्यात. तरीही कोंब आलेच, तर ते वारंवार खुरपावेत. कोंबांना अन्न पुरविता पुरविता गाठ अखेर रिती होते.

खानदेशातील शेतकऱ्याला आणखी एक युक्ती ठाऊक आहे. पावसाने तण उगवू द्यावे, वखराने ते मोडावे आणि मगच पेरणी करावी. परसात हेच काम खुरप्याने होते. पुढे दोन ओळींमध्ये वाळलेल्या पाल्याचे चार बोटे जाड आच्छादन घालावे. अंधारात बहुतेक बी वर येत नाही, आणि जमिनीतील ओलही टिकते. मात्र आच्छादनाच्या गवतात पिकलेले बी नसावे. तण मरावे म्हणून वाफ्यात मीठ तर कधीच टाकू नये; त्याने माती नासते.

सर्वच तण शत्रू नसते. टाकळ्याची व घोळाची कोवळी पाने भाजीसाठी खुडली जातात. टाकळ्याचा दुसराही एक उपयोग आहे. परंतु त्यासाठी गाजरगवताची हकीकत सांगितली पाहिजे.

हे गवत मूळचे अमेरिका खंडातील. ते 1955 साली पुण्यात आढळले, आणि पुढे देशभर पसरले. एका झाडाला हजारो बिया येतात. त्याच्या स्पर्शाने अनेकांच्या अंगाला खाज सुटते, तर परागाने काहींना दमा होतो. त्याच्या मायदेशात त्याची पाने खाणारे भुंगे आहेत. शास्त्रज्ञांनी असे भुंगे मेक्सिकोतून आणले, ते इतर पिके खात नाहीत ना याची पारख केली आणि 1984 साली बंगळूर येथे सोडले. पावसाळ्यात ते गाजरगवताची पाने फस्त करतात. त्याच जागी टाकळा दाट पेरला, तर त्याच्या सावलीत गाजरगवत दबते. अशा रीतीने एक तण दुसऱ्या तणाला आवरते.

तथापि भुंगा आणि टाकळा सर्व काम करीत नाहीत. गाजरगवत उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात फुलते. त्याआधीच हाताला फडके गुंडाळून ते उपटावे व खड्ड्यात कुजवावे. त्याचे खत होते. एकट्याचे परस स्वच्छ करूनही भागत नाही, कारण शेजारच्या पडीक जागेतील बी वाऱ्याने व पाण्याने येतेच. म्हणून घराघरांतील माणसांनी मिळून, फूल येण्यापूर्वीच ही निंदणी केली पाहिजे.

शब्दार्थ : निंदणी – तण काढणे, वखर – जमीन भुसभुशीत करण्याचे अवजार, आच्छादन – पांघरूण, परस – घरामागील मोकळी जागा.

स्वाध्याय
1. लव्हाळ्याची पाती कापून तो का नाहीसा होत नाही?
2. टाकळ्याचे दोन उपयोग सांगा.
3. आपल्या परसातील पाच तणांची स्थानिक नावे मोठ्या माणसांना विचारून लिहा.