कॉम्प्युटर झोपत नाही? आधी त्यालाच विचारा



घरून धंदा करणाऱ्यांकडून मार्केटिंगइतकाच येणारा प्रश्न म्हणजे "सर, कॉम्प्युटर स्लीपला जातच नाही." नाहीतर, "जातो, पण उठत नाही." प्रश्न किरकोळ वाटतो, पण नाही. मुलुंड पूर्वेच्या एक ताई घरून मसाले आणि लोणची विकतात. त्यांचा डेस्कटॉप स्लीपमधून उठला की पंखा फिरायचा आणि स्क्रीन काळाच राहायचा. दुरुस्तीवाल्याने फोनवरच निदान केलं, "फॉरमॅट मारावा लागेल." त्या मशीनवर तीन वर्षांची बिलं, ग्राहकांचे नंबर, जीएसटीचा हिशेब, आणि बॅकअप कुठेच नाही. दोष निघाला डिस्प्ले ड्रायव्हरचा. नवा ड्रायव्हर टाकला, काम झालं.

म्हणून फॉरमॅटला हो म्हणण्याआधी कॉम्प्युटरलाच विचारायचं, बाबा रे, तुला झालंय काय? विंडोजमध्ये त्याची सोय आहे आणि ती फुकट आहे.

पण त्याआधी एक घोळ मिटवू. स्क्रीन बंद होणं, स्लीप आणि हायबरनेट या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. स्क्रीन बंद झाला तरी मशीन पूर्ण चालू असतं. रात्री प्रॉडक्टचे फोटो अपलोडला लावून झोपायचं असेल तर हेच हवं, कारण स्लीपमध्ये अपलोड थांबतं. स्लीपमध्ये बाकी सगळं बंद होतं, पण तुमचं उघडं काम रॅममध्ये असतं आणि रॅमला थोडी वीज लागतेच. हायबरनेटमध्ये तेच काम डिस्कवर लिहून मशीन पूर्ण बंद होतं. उठायला जरा वेळ लागतो, पण मध्ये वीज गेली तरी काम जात नाही.

डेस्कटॉपवाल्यांनी इथे थांबून विचार करा. मुलुंड-भांडुपला वीज महावितरणची आणि पलीकडच्या उपनगरांत दुसऱ्या कंपन्यांची, पण कंपनी कोणतीही असो, वीज जाऊ शकते. १२ ऑक्टोबर २०२० च्या सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबईची वीज एकदम गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. २७ फेब्रुवारी २०२२ ला मुलुंड-ट्रॉम्बे ही २२० केव्हीची लाइन ट्रिप झाली आणि दक्षिण मुंबईतल्या बऱ्याच भागांत तासाभरासाठी वीज नव्हती. आणि एवढं मोठं काही व्हायलाही नको. सोसायटीत कोणी मेन स्विच पाडला तरी पुरे. स्लीपमधला डेस्कटॉप त्या क्षणी अर्धवट बिल विसरतो. यूपीएस असला तर थोडा वेळ मिळतो, पण रात्रभर त्याच्या भरवशावर राहू नका.

माझं मत स्पष्ट आहे. डेस्कटॉप असेल तर दुपारच्या जेवणापुरता स्लीप, रात्री हायबरनेट. मेनूत हायबरनेट दिसत नसेल तर कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स, तिथे "चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू", मग वर "चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल" वर क्लिक करून हायबरनेटवर टिक करा.

झोपतच नाही

सर्चमध्ये सीएमडी टाइप करा, कमांड प्रॉम्प्टवर राइट क्लिक, "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर". मग पॉवरसीएफजी, एक स्पेस, स्लॅश रिक्वेस्ट्स. इंग्रजी स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर मोठ्या अक्षरात दिलं आहे, तिथून बघून टाइप करा. ही कमांड मशीनला कोण जागं ठेवतंय त्याची यादी देते. प्रत्येक ओळीखाली "नन" असेल तर कोणी नाही. नाव दिसलं तर तोच आपला माणूस.

बहुतेक वेळा तो ब्राउझर निघतो. कुठल्या तरी टॅबमध्ये गाणं चालू असतं, किंवा मीटिंग संपली पण खिडकी बंद केलेली नसते. टॅब बंद करा, कमांड पुन्हा चालवा. नाव गेलं का बघा. दुसरा नेहमीचा गुन्हेगार म्हणजे प्रिंटरच्या रांगेत अडकलेलं एखादं बिल. आणि तिसरा खास धंदेवाल्यांचा. तुमच्या मशीनवरचा टॅलीचा फोल्डर घरातल्या दुसऱ्या लॅपटॉपवरून कोणी उघडून ठेवला असेल, तर विंडोज झोपायला नकार देतं. तो नकार बरोबरच आहे, त्याला दोष देऊ नका. आधी दुसऱ्या मशीनवर टॅली बंद करायला सांगा.

यात पैसा किती जातो? समजा डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून रिकामे बसल्या बसल्या १०० वॉट घेतात. रात्रीचे १० तास म्हणजे एक युनिट, महिन्याला तीस. मशीनप्रमाणे आकडा बदलेल, पण घरगुती बिलात १०० आणि ३०० युनिटनंतर दर चढतो. धंद्यामुळे तुमचं घर आधीच त्या रेषेच्या आसपास असेल, तर हे तीस युनिट वरच्या दराने पडतात. प्रॉडक्टची किंमत काढताना हा खर्च कोणी धरत नाही.

आपोआप उठतो

रात्री दोन वाजता खोलीत उजेड दिसतो. घरच्यांना वाटतं व्हायरस आहे. तसं नसतं. सकाळी त्याच काळ्या खिडकीत पॉवरसीएफजी स्लॅश लास्टवेक चालवा, शेवटचं कोणी उठवलं ते कळेल. माउस असेल (गुळगुळीत टेबलावर तो जरासा हलला तरी पुरतं), तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये माउसवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, पॉवर मॅनेजमेंट, आणि "अलाउ धिस डिव्हाइस टू वेक द कॉम्प्युटर" वरची टिक काढा. कीबोर्डची टिक मात्र राहू द्या, नाहीतर उठवणार कशाने? नेटवर्क कार्डाचं नाव आलं तर तिथेही तीच टिक काढायची. आणि उठवणारा टायमर असेल, म्हणजे अपडेट वगैरे, तर पॉवर ऑप्शन्सच्या ॲडव्हान्स्ड सेटिंग्जमध्ये स्लीपखाली "अलाउ वेक टायमर्स" बंद करा. अपडेट मग दिवसा चहाच्या वेळेला स्वतः लावा. अपडेट टाळत बसू नका.

उठतच नाही

हा सगळ्यात त्रासाचा प्रकार, कारण घाबरून माणूस पॉवर बटण दाबून धरतो आणि सेव्ह न केलेलं काम घालवतो. तो शेवटचा उपाय. आधी मॉनिटरचं बटण आणि केबल बघा, हसण्यासारखं आहे पण बघा. मग विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि बी ही चार बटणं एकदम दाबा. यातून डिस्प्ले ड्रायव्हर नव्याने सुरू होतो आणि पुष्कळदा स्क्रीन परत येतो. आला की पहिलं काम, सगळं सेव्ह करा. दुसरं काम, तुमच्या कॉम्प्युटरच्या किंवा ग्राफिक्स कार्डाच्या कंपनीच्या साइटवरून नवा डिस्प्ले ड्रायव्हर घ्या. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरच्या नादी लागू नका.

आता फॉरमॅटची गंमत ऐका. नवं विंडोज टाकून डिस्प्ले ड्रायव्हर टाकायचा राहिला, तर स्लीप हा पर्यायच मेनूतून गायब होऊ शकतो. म्हणजे झोपेच्या तक्रारीसाठी फॉरमॅट करा, पैसे द्या, आणि नवी झोपेची तक्रार घरी आणा! पॉवरसीएफजी स्लॅश ए ही कमांड तुमच्या मशीनला कोणते स्लीप जमतात आणि कोणते का जमत नाहीत ते कारणासकट सांगते. दुरुस्तीवाल्याला बोलवायचंच असेल तर त्या उत्तराचा फोटो मोबाइलवर काढून ठेवा आणि त्याला आधी तो दाखवा. बोलणं एकदम वेगळ्या पातळीवर सुरू होतं. फॉरमॅट करायचंच ठरलं, तर टॅलीचा डेटा, बिलांचा फोल्डर आणि ग्राहकांची यादी आधी दुसऱ्या डिस्कवर जायला हवी, आणि ती तिथे उघडते का हे तुम्ही स्वतः बघायला हवं.

टॅलीचा चालू डेटा पेनड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर ठेवणारेही बरेच आहेत. स्लीपमधून उठताना यूएसबी क्षणभर तुटून परत जोडलं जातं, आणि त्या वेळी टॅली उघडी असेल तर फाइल बिघडू शकते. चालू डेटा आतल्या डिस्कवर, बाहेरच्या डिस्कवर फक्त बॅकअप. विशेषतः महिन्याच्या २० तारखेच्या आसपास, जेव्हा जीएसटीआर-३बी भरायचा असतो आणि उशिराच्या प्रत्येक दिवसाला दंड लागतो, तेव्हा हा खेळ नको.

लॅपटॉपवाल्यांसाठी थोडंसंच. नव्या लॅपटॉपमध्ये मॉडर्न स्टँडबाय असतो. झाकण बंद केलं तरी तो मोबाइलसारखा अधूनमधून जागा होतो. मुलुंडहून दादरला ग्राहकाकडे पोचेपर्यंत बॅग गरम आणि बॅटरी उतरलेली, असं होत असेल तर पॉवर ऑप्शन्समध्ये "चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डज" उघडा आणि ऑन बॅटरीच्या खाली हायबरनेट निवडा. दोन दिवस वापरून बघा. तरी बॅटरी उतरत असेल तर पॉवरसीएफजी स्लॅश स्लीपस्टडी चालवा. एक रिपोर्ट तयार होतो, तो ब्राउझरमध्ये उघडतो, आणि झोपेत कोणी किती बॅटरी खाल्ली ते त्यात नावानिशी लिहिलेलं असतं.