दियत्रफेस : आत्मप्रीतीविषयी पाठ

वाचावयाचे शास्त्रभाग : 3 योहान, लूक 18.9–14, दानीएल 4, याकोब 1.22–25.

आमच्या भोकरदन येथे 1973 साली जुन्या पांढरीचे उत्खनन झाले, तेव्हा हस्तिदंतात कोरलेली एक लहानशी स्त्रीमूर्ती मिळाली. तशाच घडणीची मूर्ती इटली देशातील पाँपेई नगरात 1938 साली सापडली होती. हे नगर इ. स. 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. पाँपेईची ती मूर्ती आरशाची मूठ असावी असे काही विद्वानांना वाटले, दुसऱ्यांचे मत निराळे आहे. तो वाद आपण त्यांच्यावर सोपवू. परंतु आरसा म्हटला की याकोबाचे पत्र आठवते. आपले मुख आरशात पाहून, आपण कसे होतो हे लागलेच विसरणारा मनुष्य त्याने वर्णिला आहे. आत्मप्रीतीने भरलेल्या मनुष्याची गोष्ट याहून वाईट असते. तो आरशापासून दूर होतच नाही. आणि ज्या आरशात डाग दिसेल तो त्याला खपत नाही.

असा एक मनुष्य पवित्र शास्त्रात आहे, व तो मंडळीतलाच आहे. त्याचे नाव दियत्रफेस. योहानाचे तिसरे पत्र एका पानात मावते, म्हणून आपण ते उलटून पुढे जातो. गावोगाव फिरणारे काही सेवक प्रभूच्या नावासाठी निघाले होते व परराष्ट्रीयांकडून काही घेत नव्हते. गायसाने त्यांना घरात घेतले. दियत्रफेसाने त्यांना घेतले नाही. जे घेऊ पाहत त्यांना त्याने मना केले व मंडळीबाहेर घालविले. आणि वडिलांविषयी तो वाईट बडबड करीत असे. आता हे ध्यानात घ्यावे की त्याचे शिक्षण खोटे होते असा आरोप ह्या पत्रात नाही. तो कदाचित उत्तम प्रार्थना करीत असेल. त्याचा दोष एवढाच सांगितला आहे की त्याला पहिले स्थान आवडे. त्या एका आवडीतून दार बंद होणे, निंदा व बहिष्कार ही तीन फळे निघाली.

लूकातील परूशीही खोटे बोलत नव्हता. उपास व दशमांश ह्या गोष्टी तो खरोखर करीत होता. अहंपणाला लबाडीची गरज नसते, खऱ्या सेवेवरही तो उत्तम पोसतो. म्हणून हा रोग बाजारात शोधण्यापूर्वी उपदेशकाच्या रोजनिशीत, वर्गणीच्या यादीत व भजनाच्या वेळी पेटी कोणापुढे ठेवावी ह्या तंट्यात शोधावा.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण त्याने आपल्या लोकांचे पुष्कळ नुकसान झाले आहे. स्वतःवर प्रीती करणे हेच पाप, असे प्रभूने शिकविले नाही. शेजाऱ्यावर किती प्रीती करावी ह्याचे माप म्हणून त्याने मनुष्याची स्वतःवरील प्रीतीच घेतली. ज्यांच्या वाडवडिलांना वेशीबाहेर बसविले, पाणवठ्यावरून हाकलले, वाटेवर मान खाली घालावयास लावले, त्यांचा मुलगा आज ताठ मानेने चालतो, तर तो गर्व नव्हे. देवाने आपल्या प्रतिरूपाप्रमाणे केलेला मनुष्य असेच चालावा. जुलमाने आलेल्या लाचारीला ख्रिस्ती नम्रता म्हणू नये, आणि कोणी पाळकाने तसे शिकविले तर ते ऐकू नये. मात्र तोच मुलगा आपल्याहून खाली कोण हे शोधू लागला, महारवाड्यातून आलेले कुटुंब मांगवाड्यातून आलेल्या कुटुंबाच्या ताटाकडे नाक मुरडू लागले, म्हणजे दियत्रफेस दाराशी उभा आहे असे समजावे. प्रभुभोजनाचा प्याला एक, आणि लग्नाची पंगत दोन! हे आपल्या मंडळ्यांत घडले आहे, हे लपवून काय उपयोग?

ह्याच्या उलट उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. रेव्ह. नारायण शेषाद्री हे जन्माने ब्राह्मण. 1843 साली मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे पाळक झाले व जालन्याकडे आले. निजामाचे दिवाण सर सालारजंग यांच्याकडून जमीन मिळून जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसले. आणि त्यात वसणारे बहुतेक लोक असे होते की ज्यांची सावलीसुद्धा त्या काळचे ब्राह्मण टाळीत. 1873 साली नारायणराव न्यूयॉर्क येथील इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस गेले. परदेशच्या सभेत मान मिळणे ही परीक्षाही लहान नव्हे. जातीचा अभिमान सोडणाऱ्याला कीर्तीचा अभिमान पुष्कळदा गाठतो. त्यांच्या अंतःकरणात काय चालले होते ते देव जाणे. पण त्यांच्या नावामागे आज जे उरले आहे ते बेथेल. मात्र त्यांचे नाव घेऊन आम्ही जालन्याकडचे लोक फुगू लागलो, तर तेही आरशात पाहणेच झाले.

दुसऱ्यांविषयी पुष्कळ लिहिले, आता लिहिणाऱ्याविषयी. एका खेड्यात संध्याकाळच्या उपासनेत एक निरक्षर वृद्ध बहीण दानीएलाच्या चौथ्या अध्यायाची गोष्ट सांगत होती. राजा माडीवर फिरत ‘हे सारे मीच उभारले’ अशा तोऱ्यात कसा बोलला, आणि मग बैलासारखा गवत कसा खाऊ लागला, हे तिने असे सांगितले की दिव्याभोवती बसलेली पोरे श्वास धरून राहिली. माझ्या उपदेशात तीच पोरे झोपली होती. तिने राजाचे नाव चुकून फारो असे घेतले. मी तत्काळ सर्वांदेखत म्हणालो, “फारो नव्हे, नबुखद्नेस्सर.” ती थांबली, पदर सावरून खाली बसली. गोष्ट तेथेच तुटली. राजाची बुद्धी परत आली व त्याने वर पाहून देवाची स्तुती केली, हा भाग त्या रात्री कोणी ऐकलाच नाही.

शास्त्राची शुद्धता राखली, असे मी घरी जाताना मनाशी म्हणालो. ते खरे नव्हते हे समजावयास मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. ती जोंधळे निवडीत होती. मी म्हणालो, “मावशी, माझे चुकले. येत्या रविवारी ती गोष्ट तुम्हीच पुरी करा.”

ती सुपातले खडे वेचीत राहिली. मग म्हणाली, “साहेब, नाव तुमी घ्या. गोष्ट म्या सांगते.”